शून्यांच्या रकान्यातला एक

माझ्या मोठ्या नणंदबाई भित्र्या आहेत. हे मी त्यांच्या माघारी सांगत नाही, तोंडावरही म्हटलेलं आहे आणि त्यांनी ते हसून मान्य केलेलं आहे. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही. कुलूप लावल्यावर ताई ते तीनदा ओढून बघतात. गॅसचं बटण बंद केलं की त्याला हात लावून मोठ्यांदा म्हणतात, "बंद." कुणाच्या समारंभाला गेलो की आधी हॉलला दारं किती ते मोजतात आणि त्यातल्या एका दाराशी खुर्ची धरून बसतात. त्यामुळे घरातल्या कुठल्याच फोटोत त्या नाहीत.

त्यांच्या आयुष्यात काही भयंकर घडलं होतं असं नाही. त्यांना भीती लावली ती नोकरीने. समुद्रातून तेल आणि गॅस काढणाऱ्या नऊ कंपन्यांचं मिळून एक कार्यालय आहे, आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ताई सव्वीस वर्षं बसल्या. दर महिन्याला नऊ ठिकाणांहून कागद येतात. कोण पडलं, कोण भाजलं, कुणाचं बोट दोरखंडात आलं, गॅस कुठे सुटला आणि किती मिनिटं सुटला. ताई ते रकान्यांत भरायच्या आणि वर्षाअखेरीला एक तक्ता करायच्या. कामाच्या दर दहा लाख तासांमागे कोणत्या कंपनीत किती माणसं अशी जखमी झाली की दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकली नाहीत, याचा तो तक्ता, आणि शेजारच्या रकान्यात जखमी माणसांचा नुसता आकडा. सगळ्यात कमी ज्यांची, ती कंपनी पहिली. तिला ढाल मिळते आणि साहेबांचा फोटो छापून येतो.

आता हे काम करणारं दुसरं कुणी असतं तर आकडा उचलला, रकान्यात टाकला, घरी गेलं. ताई आकड्याच्या मागचा कागद वाचायच्या. सव्वीस वर्षं रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माणसं कशी कापली जातात हे वाचलं तर कोण दाराशी बसणार नाही? पण हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी त्यांची नक्कल करायचे. मी गॅसच्या बटणाला हात लावून "बंद" म्हटलं की मुलं पोट धरून हसायची, आणि मला वाटायचं, आपण किती धीट.

माझा नवरा ताईंचा धाकटा भाऊ. पंचेचाळिशीचा झाला, दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला, तरी ताई त्याला छोट्याच म्हणतात. तो फिटर आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाइप, व्हॉल्व्ह, जोड यांची कामं करतो. एकवीस दिवस तिकडे, एकवीस दिवस घरी. बारा वर्षं तो एकाच कंपनीत होता आणि ती कंपनी ताईंच्या तक्त्यात लागोपाठ तीन वर्षं आठवी आली.

नऊमधली आठवी. शाळेत मुलगा असा नंबर काढून आला तर आपण काय करतो? मी तेच केलं. तो घरी असला की उठता-बसता टोमणे. तुमच्याकडे माणसं रोजच पडतात का, तुमच्या साहेबांना लाज कशी वाटत नाही. तो म्हणायचा, आमच्याकडे लिहितात गं सगळं. मी म्हणायचे, लिहून हाडं जुळतात का? पहिल्या नंबरच्या कंपनीत तीन वर्षांत एकही माणूस जखमी नाही, सरळ शून्य. तिकडे फिटरची जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मी स्वतः त्याचा अर्ज भरला, स्वतः पाठवला. त्याला बोलावणं आलं त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

ताईंना मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं. तुमच्याच तक्त्यावर बघून निवडली म्हटलं.  त्या म्हणाल्या, त्याला आहे तिथेच राहू दे. का, म्हणून विचारलं तर सांगेनात. कार्यालयात कागदांतलं बाहेर न बोलण्याच्या अटीवर सह्या दिलेल्या असतात, हे मला माहीत होतं. पण ज्या बाईला लिफ्टचीही भीती वाटते तिने "राहू दे" म्हटलं तर त्यात नवल ते काय? मी ते कानाआड केलं.

चार दिवसांनी त्या घरी आल्या. छोट्याने राजीनामा दिलेला होता. ताई स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसल्या, चहा निवू दिला, आणि हळू आवाजात, भिंतीलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलल्या. तक्त्यात न छापलेला एक रकाना असतो. थोडक्यात टळलेलं. वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, शिडीचा खिळा निघाला पण माणूस चढायच्या आधी दिसला, असलं सगळं. छोट्याच्या जुन्या कंपनीने वर्षभरात असे तीनशे बारा कागद पाठवले होते. नव्या कंपनीने चार.

मी म्हटलं, मग चारच बरे की.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "चौदाशे माणसं आहेत तिथे. सगळं लोखंड ओलं, वारा असा की उभं राहवत नाही, आणि पायाखाली गॅस. वर्षभरात चारच वेळा कुणाच्या हातून पाना निसटला? तुझ्या या ओट्यावरून आठवड्यात किती भांडी पडतात?"

त्यांचं मला पटलं. पटलं म्हणूनच मी चिडले. आत्ता सांगताय, म्हटलं, राजीनामा दिल्यावर? आणि तुम्हाला तर सगळ्याचंच भय, तुमचं किती धरायचं माणसाने? ताई उठल्या. जाताना गॅसच्या बटणाला हात लावून गेल्या, पण "बंद" म्हणाल्या नाहीत.

तो गेला. पहिले एकवीस दिवस मी स्वतःची समजूत घालत काढले. घरी आला तेव्हा बारीक झाला होता. हळूहळू सांगू लागला. हेलिकॉप्टरमधून उतरलं की समोरच एक मोठा फळा आहे, जखमेविना गेलेले दिवस, आणि त्यावर रोज आकडा बदलतो. तो उतरला तेव्हा तिथे अकराशे पंचवीस होते. बाराशे झाले की सगळ्यांना एक चांगलं जाकीट आणि घरी जेवणाच्या भांड्यांचा संच मिळणार. एका रंगाऱ्याचा तळहात फाटला तर त्याने तो फडक्याने गुंडाळून वर हातमोजा चढवला आणि पाळी संपेपर्यंत तसाच ब्रश ओढला. कुणी त्याला बळजबरी केली नव्हती. आकडा पुसून शून्य करणारा माणूस व्हायचं नसतं कुणाला, एवढंच.

"जुन्या कंपनीत कागद लिहिला की सकाळच्या बैठकीत वाचून दाखवायचे," तो म्हणाला. "इथे मी एक लिहिला. फोरमनने वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला."

त्यानंतर मला रात्रंदिवस एकच धास्ती.  कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. मुलं शाळेतून यायच्या आत मी पाच वेळा समुद्राच्या हवामानाचा अंदाज बघून ठेवायचे, जसा काही वारा मला विचारून सुटणार होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अर्ज माझ्या अक्षरात होता.

दुसऱ्या फेरीच्या सतराव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. कंपनीचा सुरक्षा अधिकारी. आवाज इतका गोड की मी तिथेच खाली बसले. वहिनी, काळजीचं काही नाही, किरकोळ आहे, त्यांना तपासायला किनाऱ्यावर आणतोय. काय झालंय? किरकोळ आहे. कुठे लागलंय? वहिनी, अगदी किरकोळ. चार वेळा विचारलं, चार वेळा तेच उत्तर. माणूस जिवंत आहे का, असं सरळ विचारायला माझी जीभ उचलेना.

मी ताईंना फोन केला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या माझ्या आधी पोचल्या होत्या. चार मजले, लिफ्ट बंद नव्हती, पण त्या चढून गेल्या आणि मीही त्यांच्या मागे चढले. त्या पुढून पायऱ्या मोजत होत्या, मोठ्याने, एकोणीस, वीस, एकवीस. त्या दिवशी मला त्या मोजण्याचा फार आधार वाटला.

छोट्या बसलेला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. दोन बोटं चेचली होती, मनगट मोडलं होतं. एका पाइपचा जोड उघडायचा होता, आतला दाब काढलाय असं कागदावर होतं आणि तो काढलेला नव्हता. शेवटचा बोल्ट सैल केल्याबरोबर झाकण उडालं. त्याने डोकं मागे घेतलं, हात राहिला. मग अकरा मिनिटं गॅस सुटत होता. सगळी माणसं जीव वाचवायच्या होड्यांपाशी ओळीने उभी, आणि एक ठिणगी कुठून आली असती तर...  दाताने ओठ धरून तो भिंतीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

सुरक्षा अधिकारी खोलीत होताच. फळांची टोपली घेऊन आला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती लिहिली होती. हा बाहेर जाऊन डॉक्टरांशी बोलला आणि दुसरा कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, बसून हलकं काम चालेल. मग तो आम्हाला समजावू लागला. उद्या सकाळी नऊला गाडी येईल. छोट्याने फक्त किनाऱ्यावरच्या ऑफिसात येऊन बसायचं. खुर्ची आहे, एसी आहे, वर्तमानपत्र आहे. दुपारी गाडी घरी सोडेल. पगार पूर्ण. तिथे आणखी दोघे असतातच, सोबतही होईल. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणे, एकाच्या बरगड्या मोडलेल्या.

माझ्या साध्या डोक्यात आलं, माणसं चांगली दिसतात, घरी बसवून पगार कापत नाहीत. मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. अधिकाऱ्याने त्यांना ओळखलं नव्हतं. ताईंना कोण ओळखणार? त्यांच्या तक्त्यावर त्यांचं नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताई आमच्या दारात. रजा टाकून आल्या होत्या, सव्वीस वर्षांत बहुधा तिसरी. आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"छोट्या, तू आज त्या खुर्चीत बसलास की तू हजर. हजर म्हणजे दिवस बुडाला नाही. दिवस बुडाला नाही म्हणजे तू जखमी नाहीस. महिन्याअखेरीला त्यांचा कागद माझ्याकडे येईल आणि त्यावर शून्य असेल. मला ते शून्य लिहावं लागेल. ते जे पाठवतील तेच मी लिहिते, माझ्या हातात तेवढंच आहे."

छोट्या म्हणाला, ताई, तुला हे माहीत होतं?

"खुर्चीचं माहीत होतं," ताई म्हणाल्या. "त्यांच्या ऑफिसात तपासणीला गेले होते तेव्हा ती खोली पाहिली. पाय मोडलेली माणसं पेपर वाचत बसलेली. परत आले आणि शून्य लिहिलं. तीनदा लिहिलं. त्यातलं एक बघून हिने तुझा अर्ज भरला."

मी ओट्याला धरून उभी होते. कुणी मला दोष दिला नव्हता, तरी तोंडात मारल्यासारखं झालं.

मग फोन सुरू झाले. पहिला क्रेनवाल्याचा. चांगला माणूस, याच्याबरोबर एका खोलीत झोपणारा. दादा, हात कसा आहे, आणि मग, दादा, अकराशे चौऱ्याऐंशी झालेत, सोळाच दिवस राहिलेत, येऊन बस नुसता, पोरांचं जाकीट जाईल. मग फोरमनचा, मग आणखी कुणाकुणाचा. छोट्याचं कंत्राट वर्षाचं होतं, पुढे वाढवायचं की नाही ते यांच्याच हातात. मुलीची परीक्षा, घराचं भाडं, मोडलेला उजवा हात, आणि फिटरला उजव्या हाताशिवाय आहे काय? मला रडू फुटलं. मी म्हणाले, जा ना, बसून ये, काय होतंय बसल्याने. हे मीच म्हणाले. ते लपवत नाही.

छोट्या प्लास्टरकडे बघत बसला होता. तो म्हणाला, "दाब कुणी तपासला नाही ते कोण शोधणार? मी जखमीच नसेन तर शोधायचं कशासाठी? पुढच्या पाळीला तोच जोड दुसरा कुणीतरी उघडेल."

नऊला पाच मिनिटं असताना खाली गाडी थांबली. ड्रायव्हर वर आला, बेल वाजवली. छोट्या उठला नाही. पण दार उघडून "येत नाही" म्हणायचीही त्याची तयारी नव्हती. दहा महिन्यांची नोकरी अजून बाकी होती, आणि माणूस शेवटी माणूसच. बेल पुन्हा वाजली. मी जागची हलले नाही. 

दार उघडलं ते ताईंनी. कुलूप तीनदा ओढणाऱ्या ताईंनी. म्हणाल्या, तो येणार नाही, त्याला तीन आठवड्यांची विश्रांती आहे. ड्रायव्हर बिचारा गोंधळला, साहेबांना विचारतो म्हणाला. ताई म्हणाल्या, विचारा, पण आधी तुमची फेऱ्यांची वही काढा. प्रत्येक गाडीत ती वही असते, कुठून कुठे, किती वाजता, कोण बसलं. माणसाचे कागद बदलतात, हजेरी मागाहूनही लावतात, पण गाडीची वही कुणी बदलत नाही, कारण तिच्यावर पेट्रोल मिळतं. हे तपासणीला जाऊन आलेल्या बाईलाच ठाऊक. ताईंनी ड्रायव्हरकडून तिथेच दारात लिहून घेतलं, वेळ नऊ, पत्ता, प्रवासी आला नाही, दुखापत. खाली त्याची सही. मग त्यांनी साक्षीदार म्हणून आपलं नाव घालायला पेन घेतलं. हात इतका थरथरत होता की पेन दोनदा पडलं. दुसऱ्यांदा ते मी उचलून दिलं आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं, तेव्हा कुठे सही झाली. 

गाडी रिकामी गेली. ताई आत आल्या, दार लावलं, कुलूप तीनदा ओढलं आणि खुर्चीत बसून थडथडा कापू लागल्या. आता काय करतील गं ते, एवढंच त्या विचारत होत्या. मला कुठे माहीत होतं? आम्ही दोघी कापत बसलो, आणि छोट्याने डाव्या हाताने चहा केला. अर्धा ओट्यावर सांडला.

पुढचे दोन महिने वाईट गेले. फळ्यावरचा आकडा पुसला गेला, जाकिटं गेली, क्रेनवाल्याने फोन उचलणं बंद केलं. सुरक्षा अधिकाऱ्याचा आवाज गोड राहिला नाही. कुणी बाहेरच्या बाईने गाडीच्या वहीत सही केली म्हणून ताईंच्या कार्यालयात तक्रार गेली, ताईंना खुलासा द्यावा लागला, आणि निवृत्तीला चौदा महिने असताना त्यांची बदली खालच्या मजल्यावर जुन्या फायलींत झाली. तिथे एकच दार आहे. त्या त्याच्याशी बसतात. छोट्याचं कंत्राट वाढलं नाही. हात बरा झाल्यावर जुन्या, आठव्या नंबरच्या कंपनीने त्याला परत घेतलं. करंगळी वळत नाही. त्या प्लॅटफॉर्मवर मात्र चौकशी झाली, आणि दाब काढल्याचे खोटे कागद असलेले असे आणखी सहा जोड सापडले.

वर्षाचा तक्ता लागला. शून्यवाली कंपनी पहिलीची चौथी झाली, कारण त्या रकान्यात आता एक आहे. पहिला नंबर दुसऱ्याच एका कंपनीचा. तिथे शून्य आहे.

काल आमच्याच इमारतीतली खालची शेजारीण पेपरचं पान घेऊन वर आली. तिचा मुलगा वेल्डर, त्याला दोन कंपन्यांचं बोलावणं आलंय, आणि त्यातली एक ही पहिली आलेली. तुमच्या घरातलंच खातं ना हे, म्हणाली, सांगा बघू, पहिलीच घ्यायची ना? तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. मी पानावर चौथ्या ओळीतल्या एकावर बोट ठेवलं. हा माझा नवरा आहे, म्हटलं, वरच्या शून्यात कोण कोण बसलंय ते मला माहीत नाही. मुलाला विचारायला सांगा, तिथे वर्षात किती वेळा पाना निसटतो.

 ती पानाची घडी घालत म्हणाली, वहिनी, तुम्ही फार घाबरता. आणि माझ्याकडे बघून हसली, मी ताईंकडे बघून हसायचे तशी.